सातव्या दिवशी कापलेली वेणी

देवाला दिलेला शब्द मोडला की अजून शाबूत आहे, हे मला सहा दिवस ठरवता येत नव्हतं. खरं सांगायचं तर मला ते ठरवायचंच नव्हतं. ज्या एका गोष्टीवर ते ठरणार होतं ती मला एकटीलाच ठाऊक होती आणि मी गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं. इतकी वर्षं झाली, पण ते सहा दिवस आठवले की आजही माझी मान खाली जाते. ज्या बाईने आयुष्यभर मान ताठ ठेवली, तिला हे सोपं नाही.

आम्ही बेने इस्राएल. कोकणातले मराठी ज्यू. माझे आजे अलिबागकडच्या एका गावात तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. लोक हे नाव हिणवून घेत असतील, आमच्या घरात मात्र ते मिरवलं जायचं. बाकी सगळं विसरलो, हिब्रू विसरलो, पुस्तकं हरवली, पण शनिवारचा शब्बाथ विसरलो नाही, असं आजी सांगायची तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असायचा. तोच ताठा माझ्यात उतरला. घाटकोपरला टेकडीच्या पायथ्याशी आमची बैठी चाळ होती. तीस खोल्यांत आमचं एकच घर ज्यूंचं. बाकी सगळी मालवण-रत्नागिरीकडची गिरणीतली माणसं आणि मागच्या ओळीत साताऱ्या-नगरकडची बौद्ध कुटुंबं. आमच्या दाराच्या चौकटीवरच्या मेझूझाला, म्हणजे देववचन ठेवलेल्या डबीला, मी बोटं लावून ओठांना लावायचे, तेव्हा येणारीजाणारी थांबून बघायची. मला ते आवडायचं.

माझी दोन मुलं पोटातच गेली. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मी नवस बोलले, की मुलगा झाला तर सहा वर्षं तो देवाचा नाजीर, म्हणजे देवाला वाहिलेला, राहील. आमच्या आज्या-पणज्यांपासून चालत आलेली ही रीत आहे. मुलाचे केस सहा-सात वर्षं कापायचे नाहीत, मग मशिदीत, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या जागी, ते उतरवायचे आणि त्यांच्या वजनाइतकी चांदी दान करायची. शमू झाला, धडधाकट झाला, आणि मी नियमशास्त्र उघडून बसले. तिथे नाजीरासाठी तीन गोष्टी सांगितल्या आहेत. केसाला वस्तरा लावायचा नाही. द्राक्षांपासून झालेलं काही खायचं-प्यायचं नाही. आणि प्रेताजवळ जायचं नाही, मग ते आईबापाचं का असेना.

प्रार्थना चालवणारे आमचे हझान मला म्हणाले होते, "बाई, आपल्याकडे नुसते केस राखतात. लहान पोराला एवढं कशाला?" मी म्हटलं, "राखायचं तर पुरतं राखीन." ते हसले आणि आपल्या कामाला लागले. मला वाटलं, जिंकले.

मग काय विचारता! शुक्रवारी संध्याकाळी आमच्यात बेदाणे भिजवून त्यांचं सरबत करतात आणि त्यावर आशीर्वाद म्हणतात. सगळे ते प्यायचे आणि शमूच्या पेल्यात कोकम असायचं. शेजारच्या काकी पूजेचा शिरा द्यायला यायच्या तेव्हा दारातच उभ्या राहून त्यातले मनुके एकेक वेचून काढायच्या आणि मग वाटी त्याच्या हातात ठेवायच्या. शमू पाच वर्षांचा झाला तेव्हा त्याची वेणी कमरेला टेकत होती. शाळेतली पोरं त्याला "ए मुली" म्हणून चिडवायची. बाईंनी मला बोलावून घेतलं तर मी अर्धा तास त्यांना नाजीर म्हणजे काय ते सांगून आले. शेवटी त्याच म्हणाल्या, "बरं बाई, असू द्या वेणी, पण रिबीन तरी निळी लावा, गणवेशाची." मी निळी रिबीन आणली. रोज सकाळी दारात पाट टाकून, चाळीला दिसेल असं बसून, मी त्याची वेणी घालायचे. घरातही बसता आलं असतं.

काकी आणि अण्णा आमच्या भिंतीला भिंत लागून राहायचे. अण्णा गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते. संप झाला आणि तो कधी मिटलाच नाही, तेव्हापासून ते घरीच. मूलबाळ नव्हतं. काकी पापड लाटून द्यायच्या आणि अण्णा दारापुढच्या बाकड्यावर बसून असायचे. शमू जन्मला तेव्हापासून तो निम्मा त्यांचाच होता. "काय रे महाराज, आज शाळा नाय?" असं अण्णा विचारायचे. "आमचो ह्यो साधू," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. कुणी वेणीवरून बोललं तर शमूच्या आधी तेच चवताळून उठायचे. मला त्यांचा आधार होता, पण तो मी कधी बोलून दाखवला नाही. मला वाटायचं, हे सगळं माझ्या निष्ठेमुळे चाललं आहे.

सहा वर्षं पुरी व्हायला चार महिने राहिले होते. ठाण्याच्या, पनवेलच्या नातेवाईकांना मी आधीच सांगून ठेवलं होतं. नवी साडी घेऊन ठेवली होती.

त्या मंगळवारी शमूला थोडी कणकण होती म्हणून शाळेत पाठवलं नव्हतं. त्याला अण्णांजवळ बसवून मी दळण आणायला गेले. काकी बाजारात होत्या, पुरुष कामावर आणि बाया नळावर. अर्ध्या तासाने डबा घेऊन परत आले तर अण्णा बाकड्याजवळ जमिनीवर आडवे झाले होते. डोकं शमूच्या मांडीवर. शमूच्या हातात आमचा स्टीलचा पेला आणि अण्णांच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. शमूची वेणी पुढे आली होती आणि ती अण्णांनी मुठीत धरली होती, लहान मूल आईचा पदर धरतं तशी.

इथे मी जे केलं ते जसंच्या तसं लिहायचं ठरवलं आहे. मी "अण्णा" अशी हाक मारली नाही. मी "शमू, ऊठ!" असं किंचाळले. डबा टाकला, धावत गेले आणि अण्णांची बोटं एकेक करून त्या वेणीवरून सोडवली. शमू उठेना, तर त्याला काखेत हात घालून ओढला. अण्णांचं डोकं जमिनीला लागलं. मी मान वर केली तेव्हा काकी पिशवी घेऊन चाळीच्या तोंडाशी उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. मी शमूला घरात नेलं, दार लावलं आणि त्याला डोक्यावरून आंघोळ घातली. बाहेर काकींचा टाहो ऐकू आला. नळावरच्या बाया धावत आल्या. मी आतच राहिले. अंत्ययात्रा निघाली तेव्हाही आमचं दार बंद होतं. आमचे हे कारखान्यातून आले ते थेट स्मशानात गेले.

चाळीत मला कुणी काही म्हटलं नाही, पण नळावर माझ्यासाठी जागा करून देणाऱ्या बाया आता नुसत्या बाजूला होऊ लागल्या. मागच्या ओळीतली एक मुलगी तेवढी मला तोंडावर म्हणाली, "ताई, तुमच्यात पण विटाळ मानतात होय? आम्हाला वाटलं, तुम्ही वेगळे." मी कळशी उचलली आणि घरी आले. नाजीराबद्दल बोलायला मला पहिल्यांदाच शब्द सापडले नाहीत.

आणि मनात दुसराच झगडा. कारण नियमात पुढे हेही लिहिलं आहे की नाजीराच्या जवळ कुणी अचानक मेलं, तर त्याचं डोकं विटाळलं. सातव्या दिवशी त्याने मुंडण करायचं आणि आठव्या दिवसापासून नवस पहिल्यापासून धरायचा. आधीचे दिवस सगळे गेले. सारं एकाच गोष्टीवर अडलं होतं. अण्णांचा प्राण कधी गेला? शमूच्या मांडीवर, की मी त्याला ओढल्यानंतर? ओढल्यानंतर गेला असेल तर नवस शाबूत होता, चार महिन्यांनी समारंभ होता. मी स्वतःला रोज सांगायचे, नंतरच गेला. आणि दर वेळी माझी बोटं मला आठवण करून द्यायची. मी अण्णांची मूठ सोडवली तेव्हा त्या बोटांत जोर नव्हता.

शमूने खाणं कमी केलं. वेणी घालायला बसवलं तर डोकं बाजूला घ्यायचा. शुक्रवारी सगळ्यांनी सरबत घेतलं आणि त्याने आपला कोकमाचा पेला पुढे सरकवून दिला. म्हणाला, "अण्णांनी पाणी मागितलं. मी दिलं. तू ओरडलीस. पाणी द्यायचं नव्हतं का?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "तूच सांग त्याला. नवस तुझा, नियम तुला पाठ." मला रडू आलं आणि मी तो पेला उचलून मोरीकडे गेले.

रविवारी, म्हणजे सहाव्या दिवशी, मी एकटी भायखळ्याला गेले. मशिदीत ओळखीचं कुणीच नव्हतं. हझान अलिबागला लग्न लावायला गेले होते. एक म्हातारे गृहस्थ छताला टांगलेले दिवे खाली घेऊन पुसत होते आणि त्यांत तेल घालत होते. पांढरा लेंगा, काळी टोपी, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. मी त्यांना पूर्वी पाहिलं नव्हतं. हझान नाहीत म्हणून मी परत फिरत होते, तर ते म्हणाले, "बसा बाई, उन्हाच्या आल्यात. पाणी घ्या." पाणी हा शब्द ऐकला आणि मी तिथेच बाकावर बसून हुंदके देऊन रडले. आणि सगळं सांगितलं. जे नवऱ्याला सांगितलं नव्हतं तेही, की बोटांत जोर नव्हता.

ते काम करता करता ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, "मुलगा सोडून तिथे त्या माणसाजवळ दुसरं कोण होतं?"

"कुणीच नाही," मी म्हटलं.

"मग झालं तर," ते म्हणाले. "बाई, महायाजकाला सुद्धा प्रेताजवळ जायची बंदी आहे. पण तो होम करायला निघालेला असेल आणि वाटेत त्याला एखादं बेवारस मढं दिसलं, ज्याला कुणी नाही, तर त्याने होम बाजूला ठेवायचा आणि आधी त्याला माती द्यायची. नाजीरालाही तेच. आपल्या शहाण्या माणसांनी हे ठरवून ठेवलं आहे. मेलेल्याचंच जिथे एवढं, तिथे तुमचा अण्णा तर जिवंत होता आणि पाणी मागत होता. तुमच्या मुलाला हे कुणी शिकवलं नव्हतं. तरी तो उठला नाही."

मी म्हटलं, "म्हणजे नवस मोडला नाही?"

"मोडला की! का नाही मोडला?" ते जवळजवळ हसलेच. "उद्या सातवा दिवस. केस उतरवा, ते मातीत पुरा, आणि परवापासून पुन्हा सुरू करा. पण मोडला म्हणजे पाप झालं असं कुणी सांगितलं तुम्हाला? देवाला ठाऊक होतं, नाजीर माणसांतच राहणार आणि माणसं मरणार. म्हणून तर त्याने सातवा दिवस आणि आठवा दिवस आधीच सांगून ठेवला. तुम्ही अर्धाच नियम पाठ केलात." मग दिव्याची काच पुसत म्हणाले, "मुलगा देवाला दिला म्हणता. पण धरून तर तुम्हीच ठेवलाय."

राग यायला हवा होता. एरवी मला असं बोलून कुणी सुटलं नसतं. पण मला एकदम हलकं वाटलं, भरलेला हंडा डोक्यावरून कुणी उतरवून घ्यावा तसं. मी त्यांच्या पाया पडले आणि निघाले. पुढे कधीतरी हझानांना विचारलं, दिवे भरणारे ते गृहस्थ कोण? ते म्हणाले, "त्या रविवारी? आमचा दिवाबत्तीवाला तर माझ्याबरोबर अलिबागला होता. असेल कुणी, पनवेलकडचे येतात अधूनमधून, सेवा करून जातात." असेल. मी शोध केला नाही. मला जे मिळायचं होतं ते मिळालं होतं.

सोमवारी सकाळी आधी काकींच्या दारात गेले. त्या खाली चटईवर बसल्या होत्या, समोर दिवा होता. मी उंबऱ्यातच बसले आणि म्हणाले, "काकी, मी अण्णांच्या हातातून पोर ओढून काढलं. माझ्या नवसासाठी. त्यांचं डोकं जमिनीवर आपटलं आणि मी दार लावून घेतलं. मला माफ करा असं म्हणायचंही तोंड नाही मला."

काकींनी दिव्याची वात सारखी केली. मग म्हणाल्या, "वायट वाटला गे माका. खूप वायट वाटला. तू दार लावन घेतलंस, तो आवाज अजून माझ्या कानात आसा." मी मान खाली घातली. त्यांनी पदराने डोळे पुसले. "पन आयक. माका पोर नाय. ह्यांच्या तोंडात शेवटचा पाणी कोण घालतलो, ह्या भियान मी किती वर्सा काढलंय, ता माझा माका ठावक. तुझ्या झिलान घातल्यान. माका आनखी काय व्हया?"

मी शमूच्या केसांचं सांगितलं. आज ते उतरवायचे, सहा वर्षं गेली, उद्यापासून पुन्हा पहिला दिवस. काकी उठल्या आणि माझ्याबरोबर आल्या.

न्हाव्याला बोलावलं होतं. तेच बाकडं मोकळं होतं, तिथेच शमूला बसवलं. सहा दिवसांत पहिल्यांदा त्याने डोकं बाजूला घेतलं नाही. मी त्याच्यासमोर बसून त्याला सांगितलं, "पाणी द्यायचंच होतं. आई चुकली. तू बरोबर केलंस." त्याने फक्त मान डोलावली, मोठ्या माणसासारखी. वेणी कापली गेली, मग वस्तरा फिरला. ज्या डोक्याकडे बघून मी सहा वर्षं मिरवले ते एवढंसं, गोरंपान, उघडं झालं आणि कानामागचा एक तीळ मला पहिल्यांदा दिसला. खरं सांगते, वेणीच्या दिवसांत मला त्याचा जेवढा अभिमान वाटला नव्हता तेवढा तेव्हा वाटला.

चाळीतली माणसं हळूहळू जमली होती. काकींच्या नात्यातलं अजून कुणी गावाहून आलेलं नव्हतं. त्यांच्यात घरातलं वडीलधारं गेलं की मुलगा मुंडण करतो, आणि अण्णांसाठी मुंडण करणारं कुणी नव्हतं. सगळे टक लावून शमूच्या डोक्याकडे बघत होते. पलीकडच्या खोलीतले आजोबा, अण्णांबरोबर एकाच गिरणीत काम केलेले, काठी टेकत पुढे आले. म्हणाले, "पोरानं अण्णासाठी केस दिले?"

सहा वर्षं मी दिसेल त्याला समजावत आले होते. आमचा धर्म, आमचा नियम, नाजीर म्हणजे काय, तुमच्यात काय आणि आमच्यात काय. सगळं तोंडपाठ होतं. जिभेवर आलंही होतं. काकी माझ्या शेजारी उभ्या होत्या आणि माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी म्हटलं, "हो. अण्णांसाठी."

काकी खाली बसल्या आणि त्यांनी शमूचं उघडं डोकं दोन्ही हातांनी छातीशी धरलं. मी खोटं बोलले असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. दुपारी चाळीमागे खड्डा करून ते केस आम्ही दोघींनी पुरले. जिच्याइतकी चांदी तोलायची ती वेणी मातीखाली गेली आणि मला हळहळ वाटली नाही, याचंच मला नवल वाटलं.

मंगळवारी आठवा दिवस. मी दार लावून, एकटीने प्रार्थना केली की हा मुलगा तुझा आहे, किती दिवस राखायचा ते तू बघ. शमूने पुन्हा केस वाढवले आणि या वेळी स्वतःच्या मनाने वाढवले. शाळेतल्या मुलांच्या टवाळीला तोंड देत त्याने नववं, दहावं, अकरावं वर्ष काढलं. मी कुणाला काही समजवायला गेले नाही. विचारलं तर तोच सांगायचा. बारा वर्षांचा होताना भायखळ्याला त्याचे केस उतरले तेव्हा काकी पहिल्या रांगेत बायकांत बसल्या होत्या, अंगावर त्यांची ठेवणीतली साडी होती.

नियम सांगतो, नवस मोडला की आधीचे दिवस गेले, ते धरायचे नाहीत. मीही ते धरले नाहीत. देवापुढे उभी राहते तेव्हा मात्र आभार मानायला माझ्या तोंडी पहिले तेच दिवस येतात.